शोकेसमधला शंख

आमच्या मलकापूरच्या घरात, दिवाणखान्याच्या भिंतीलगत, काचेचे एक शोकेस आहे. बँकेने निवृत्तीच्या दिवशी दिलेले घड्याळ, मुलांना मिळालेली बक्षिसे, म्हैसूरची चंदनाची डबी आणि एक शंख अशी त्यातील मांडणी वर्षानुवर्षे बदललेली नाही. शंख म्हटल्यावर पूजेतील शंख डोळ्यांसमोर येतो. हा तसा नाही. वर रुंद आणि खाली निमुळता होत गेलेला, फुटाण्यांच्या कागदी पुडीसारखा त्याचा आकार. लांबी माझ्या मधल्या बोटाएवढी. सोनेरी-तपकिरी अंगावर पांढऱ्या त्रिकोणांची इतकी दाट नक्षी, की एखाद्या कसबी विणकराने जरीचे कापड विणून त्याच्याभोवती गुंडाळले असावे असे वाटते. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५८ मध्ये या प्राण्याचे नामकरण केले तेव्हा त्यांनाही कापडच आठवले असावे. त्याचे शास्त्रीय नाव ‘कोनस टेक्सटाइल’. कोनस म्हणजे शंकू आणि टेक्सटाइल म्हणजे विणलेले.

१९९१ साली एलटीसी घेऊन आम्ही उभयता मुलांसह दक्षिणेच्या प्रवासाला गेलो होतो. कन्याकुमारीला समुद्रकिनाऱ्यालगतच्या दुकानांत शंख-शिंपल्यांचे ढीग मांडलेले होते. त्यातून घासाघीस करून मी हा शंख पस्तीस रुपयांना घेतला. तो घेताना मनात आईच होती. बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथ यांचे लांछन शंख, आणि आईची नेमिनाथांवर विशेष भक्ती. विवाहाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून ज्यांनी वरातीचा रथ माघारी वळवला, त्यांची कथा तिने आम्हा भावंडांना किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. शंख पाहून ती हरखून जाईल, अशी माझी कल्पना होती.

आईने तो हातात घेतला, अंगठ्याने त्याच्यावरून एकदा हात फिरवला आणि विचारले, “अण्णा, ह्यात राहणारा जीव कुठं गेला?”

“मेला असंल की. समुद्रानं रिकामा शंख काठावर टाकला असंल.”

“तसं नव्हं,” ती म्हणाली. “संगमावरचे शिंपले बघितलेस न्हवं? जीव गेल्यावर शिंपला पांढराफटक पडतो, खरखरीत होतो. ह्याची झळाळी बघ. हा जिता असताना काढलाय.”

कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर जन्म काढलेल्या त्या बाईने समुद्र उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. परंतु तिचे निरीक्षण अचूक होते. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेला शंख झिजलेला, फिका, बहुधा कडा तुटलेला असतो. बाजारातील झळाळणारे शंख बहुतेक जिवंत प्राण्यांसह समुद्रातून उचललेले असतात. ते उकळत्या पाण्यात टाकतात किंवा पुरून ठेवून आतले मांस कुजू देतात. मग आम्लाने धुऊन, तेल चोळून विक्रीस मांडतात. हे सारे मला पुष्कळ पुढे कळले. त्या दिवशी एवढेच घडले, की शंख देवघरात गेला नाही. आई रागावली नाही. ‘राहू दे तुझ्या कपाटात’ एवढेच म्हणाली. तेव्हापासून तो शोकेसमध्ये आहे.

चार वर्षांपूर्वी माझी पुतणी सुटीत आमच्याकडे राहावयास आली होती. औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात ती शिकत होती. काच पुसता पुसता ती एकदम थांबली. “काका, हा शंख तुमच्याकडे कसा? हा जिवंत असता तर तुम्ही हातात धरला नसता.” मला हसू आले. गोगलगाय ती गोगलगाय. तिने कुणाचे काय वाकडे करावे? मग तिने जे सांगितले, आणि त्यानंतर मी स्वतः मिळेल तेथून वाचून काढले, ते थोडक्यात असे.

कोनस ही समुद्रातील मांसाहारी गोगलगाय. उष्ण कटिबंधातील समुद्रांत तिच्या आठशेहून अधिक जाती आहेत आणि आपल्या देशाच्या किनाऱ्यांवरही अनेक आढळतात. बहुतेक जाती समुद्रातील कृमी खातात, काही दुसऱ्या गोगलगायी खातात आणि थोड्या जाती चक्क मासे धरतात. ज्याला धावता येत नाही त्याने पोहणारा मासा कसा पकडावा? निसर्गाने तिला विलक्षण साधन दिले आहे. तिचा दात पोकळ आणि काटेरी टोकाचा, एखाद्या इवल्या भाल्यासारखा असतो. असे अनेक दात एका पिशवीत तयार असतात. पाण्यातील वासावरून भक्ष्याचा माग लागला, की ती त्यांतील एक दात लांब सोंडेच्या टोकाशी आणते, विष भरते आणि क्षणार्धात भक्ष्याच्या अंगात मारते. एक दात एकदाच वापरावयाचा. पुढच्या वेळी नवा. मासा जागच्या जागी ताठ होतो आणि गोगलगाय त्याला सावकाश गिळून टाकते.

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो. छत्तीस वर्षांच्या नोकरीत, कर्ज मागताना मान खाली घालून बसणारे आणि पुढे बँकेलाच कोर्टात ओढणारे असे महाभाग मी पाहिले आहेत. प्राणिशास्त्रातही या वर्गाला ‘उदरपाद’, म्हणजे पोटाशी पाय असलेले, असेच म्हणतात. पण या म्हणीला पुरेपूर उतरेल असा प्राणी कोनसएवढा दुसरा नसेल.

तिचे विष माणसालाही सोडत नाही. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले रम्फियस नावाचे निसर्गअभ्यासक हल्लीच्या इंडोनेशियातील अंबोन बेटावर राहत. त्यांचा शंख-शिंपल्यांवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७०५ मध्ये प्रसिद्ध झाला. बांदा बेटावरील एका गुलाम स्त्रीने जिवंत कोनस हातात धरला आणि त्यातच तिचा अंत झाला, अशी हकिकत त्यात नोंदलेली आहे. ऑस्ट्रेलियातील हेमन बेटावर १९३५ मध्ये सत्तावीस वर्षांचा एक तरुण असाच गेला. त्याने ‘कोनस जिओग्राफस’ जातीचा शंख तळहातावर धरला होता आणि सुरीने तो वरून खरवडून स्वच्छ करीत होता. आधी बधिरता, मग डोळ्यांसमोर अंधारी, मग हातपाय निकामी, आणि काही तासांत श्वास बंद. या विषावर आजही उतारा नाही. विषाचा अंमल ओसरेपर्यंत रुग्णाचा श्वास कृत्रिम साधनांनी चालू ठेवणे हाच उपाय.

सुरीने खरवडून स्वच्छ करीत होता, या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो. त्यालाही तो शंख सुंदर दिसावा असे वाटत होते. कुठल्यातरी कपाटात ठेवण्यासाठीच असेल.

पुतणीचे सांगणे मात्र एवढ्यावर संपले नव्हते. ती म्हणाली, “काका, याच्याच एका भावंडाच्या विषापासून वेदना थांबवणारं औषध झालंय. मॉर्फिनपेक्षा कितीतरी पटींनी प्रभावी.” मॉर्फिन हा शब्द ऐकला आणि मला खाली बसावे लागले. त्याचे कारण सांगतो.

२०१२ साली आई गेली. तिला कर्करोग होता आणि तो पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचला होता. शेवटचे चार महिने तिला जी वेदना होत असे तिचे वर्णन मी करणार नाही. ज्यांच्या घरात असे आजारपण झाले आहे त्यांना ते ठाऊक आहे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे तेव्हा मॉर्फिन मिळवणे हे मोठे दिव्य होते. परवान्यांच्या अटी थोड्या सैल झाल्या त्या २०१४च्या दुरुस्तीनंतर. धावपळ करून आम्ही गोळ्या मिळवल्या. त्यांनी थोडा उतार पडे, पण पाठीतून पायात उतरणारी आग शमत नसे. मग डॉक्टरांनी मज्जातंतूंच्या वेदनेसाठी एक कॅप्सूल सुरू केली.

आई प्रत्येक औषधाच्या वेळी एकच प्रश्न विचारी, “ह्यात जीव न्हाई न्हवं?” मॉर्फिन अफूच्या बोंडातून निघते, म्हणून त्या गोळीबद्दल मी निःशंकपणे ‘नाही’ म्हटले होते. कॅप्सूल आली तेव्हाही ती म्हणाली, “विचारून आलास?”

मी म्हणालो, “हो, विचारलं. काही नाही त्यात.”

मी कुणालाही विचारलेले नव्हते. विचारावे असे मनात आले होते. पण उत्तर काय मिळेल याची धास्ती होती. कॅप्सूलचे वरचे कवच बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनते, हे तेव्हाही मला अगदीच अज्ञात नव्हते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून आईने ती घेतली. तिला त्या रात्री थोडी झोप लागली. मला लागली नाही.

म्हणून पुतणीने औषधाचा विषय काढताच माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, “आजीला ते चाललं असतं का?” तिला वाटले, मी वैद्यकीय प्रश्न विचारतो आहे. तिने तसेच उत्तर दिले.

हे औषध म्हणजे ‘झिकोनोटाइड’. ‘कोनस मॅगस’ या मासे धरणाऱ्या जातीच्या विषातील एका द्रव्याची ती हुबेहूब प्रतिकृती. त्याचा शोध अमेरिकेतील युटा विद्यापीठात लागला. मूळचे फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ऑलिवेरा यांनी मायदेशी असताना कोनसच्या विषाचा अभ्यास आरंभला होता. पुढे युटामध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत मायकेल मॅकिन्टॉश या नुकत्याच शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने हे द्रव्य वेगळे केले. ती आहे पंचवीस अमिनो आम्लांची एक इवलीशी माळ. वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत ज्या सूक्ष्म दारांतून कॅल्शियम आत शिरते, ती दारेच ही माळ बंद करते. निरोपच पुढे सरकत नाही. मॉर्फिनसारखी तिची सवय लागत नाही आणि श्वासही मंदावत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २००४ मध्ये तिला मान्यता दिली. परंतु ही गोळी नव्हे. शरीरात पंप बसवून, बारीक नळीवाटे, मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात ती थेंबाथेंबाने सोडावी लागते. मात्रा किंचित चुकली तर रुग्णाला भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात. खर्चही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा. “आजीच्या त्या अवस्थेत ते जमलं नसतं, काका,” पुतणी म्हणाली.

मी विचारले होते ते हे नव्हे. आईने विचारले असते ते मी विचारीत होतो: ह्यात जीव नाही ना?

हिशेबनीस माणसाची खोड म्हणा, मी त्या प्रश्नाचा ताळेबंद मांडून पाहिला. जमेच्या बाजूला हे, की आज बनणाऱ्या झिकोनोटाइडमध्ये गोगलगायीचा अंशही नसतो. ते प्रयोगशाळेत रसायनांपासून जुळवलेले असते. औषधाच्या कुपीसाठी कोणताही प्राणी समुद्रातून काढावा लागत नाही. नावेच्या बाजूला हे, की ते सापडण्यासाठी आरंभी कित्येक गोगलगायी मारून त्यांच्या विषाच्या नलिका काढल्या गेल्या आणि त्या विषाचे परिणाम उंदरांवर पाहिले गेले. ही नोंद खोडता येत नाही, आणि खोडू नये. पण तिच्यापुढे आणखी एक नोंद आहे. पुढे शास्त्रज्ञांनी या प्राण्याला न मारता त्याचे विष काढण्याची रीत शोधली. मासा पुढे धरून, नळीच्या तोंडावर ताणलेल्या पातळ रबरी पडद्यातून त्याला दात मारावयास लावतात. विष नळीत उतरते आणि गोगलगाय जिवंत राहते. आता तर एखाद्या प्राण्याच्या पेशींतील जनुकांचा आलेख वाचून त्याच्या विषातील अनेक घटकांची कृती समजून घेता येते.

मधुमेह असल्याने मला हा फरक नेमका उमगला. एके काळी इन्सुलिन गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. मानवी इन्सुलिन सूक्ष्मजीवांकरवी तयार करण्याची विद्या साधली, त्याला १९८२ मध्ये मान्यता मिळाली, आणि त्या कामासाठी कत्तलखान्याची गरज उरली नाही. योगायोग असा, की कोनस जिओग्राफस हीदेखील माशांना सुन्न करण्यासाठी पाण्यात एक प्रकारचे इन्सुलिन सोडते, असे २०१५ मध्ये युटाच्याच संशोधकांनी दाखवून दिले. ते अतिशय जलद काम करते, म्हणून त्याच्या रचनेवरून मधुमेहींसाठी नवे औषध घडवता येईल का, याचा अभ्यास चालू आहे.

आपल्या देशातही हे काम झाले आहे, याचा मला विशेष आनंद वाटला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झालेले डॉ. पी. बलराम, तसेच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दिवंगत डॉ. के. एस. कृष्णन यांनी आपल्या किनाऱ्यांवरील कोनसच्या विषांचा अभ्यास केला. ‘कोनस अमॅडिस’ या जातीच्या विषातील सव्वीस अमिनो आम्लांच्या एका घटकाची रचना भारतीय शास्त्रज्ञांनी उलगडली. कन्याकुमारीला मी ज्यांना पस्तीस रुपयांची शोभेची वस्तू समजलो, त्यांतील एकेका जातीच्या विषात अशी शंभराहून अधिक निरनिराळी द्रव्ये असतात आणि त्यांपैकी फारच थोडी आजवर पारखली गेली आहेत.

मग माझ्या त्या खरेदीचे काय? कायद्याने मी निर्दोष आहे. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात काही समुद्री शंखांना स्थान मिळाले. त्यांत ‘कोनस मिल्नेएडवर्डसी’ ही ‘भारताचे वैभव’ या अर्थाच्या इंग्रजी नावाने संग्राहकांत प्रसिद्ध असलेली दुर्मिळ जात आहे. माझा शंख त्या यादीत नाही, आणि माझी खरेदी त्यापूर्वीची. परंतु औषधासाठी गेलेला जीव आणि कपाटाच्या शोभेसाठी गेलेला जीव एकाच खात्यावर मांडता येणार नाहीत. पहिल्याच्या बाजूला कुणाची तरी थांबलेली वेदना आहे. दुसऱ्याच्या बाजूला काय आहे ते मी तीस वर्षे रोज पाहत आलो: काचेआड, धूळ बसलेले.

पाठशाळेत आपण सारे शिकलो, की शंखातील जीव द्वींद्रिय. त्याला स्पर्श आणि रसना एवढीच इंद्रिये. आजचे प्राणिशास्त्र सांगते, की कोनस पाण्यातील वास ओळखते आणि तिला बारीक डोळेही आहेत. एका मित्राने यावर मला मिस्कीलपणे विचारले, “मग आता काय करणार?” मी म्हणालो, जीवांची वर्गवारी आपल्याला शिकवली ती परीक्षेतील गुणांसाठी नव्हे. डोळ्यांना क्षुद्र दिसणाऱ्यालाही स्पर्श कळतो, म्हणून पाऊल जपून टाक, एवढ्यासाठी ती होती. त्या जीवाला आपण समजत होतो त्याहून अधिक कळत असेल, तर आपला अपराध मोठा ठरतो, लहान नव्हे.

झिकोनोटाइड आईला चालले असते का? मला वाटते, तिने सारे ऐकून घेतले असते, त्या आरंभीच्या गोगलगायींबद्दल हळहळली असती, आणि मग स्वतः ठरवले असते. कदाचित हो म्हणाली असती, कदाचित नाही. कॅप्सूलच्या वेळीही तिने स्वतःच ठरवले असते. तिची वेदना कमी व्हावी म्हणून मी खोटे बोललो, असे इतकी वर्षे स्वतःला समजावीत होतो. खरे हे, की तिने नकार दिला असता तर ती वेदना मला बघावी लागली असती, आणि ते माझ्याने होणार नव्हते. माझी सुटका मी तिच्या व्रताच्या मोबदल्यात विकत घेतली. दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी ओळखीच्या, अनोळखी, सर्वांसमोर मी हात जोडतो. पण ही गोष्ट आजवर घरातही कुणाला सांगितली नव्हती. ती आज येथे लिहितो आहे.

गेल्या पर्वात तो शंख मी शोकेसमधून काढला आणि आमच्या पाठशाळेत नेऊन दिला. द्वींद्रिय जीवांचा पाठ आला, की बाई तो मुलांच्या हातात देतात. सोबत मी एक पुठ्ठ्याचे कार्ड लिहून दिले आहे. त्यावर प्राण्याचे नाव, तो काय खातो, त्याच्या भावंडाच्या विषापासून कोणते औषध बनले, आणि समुद्रकिनारी असा जिवंत शंख दिसला तर हात लावू नये, तो जेथे आहे तेथेच राहू द्यावा, असे लिहिले आहे. शेवटच्या ओळीत ‘१९९१ साली कन्याकुमारी येथे पस्तीस रुपयांना खरेदी, प्राणी जिवंत असताना काढलेला’ अशी नोंद आहे.

बाईंनी मला सांगितले, की पहिल्याच दिवशी एका लहान मुलीने शंखाच्या तोंडातून आत डोकावून पाहिले आणि विचारले, “मग ह्यात राहणारा कुठे गेला?”